दांडेलीचं पाणी आणि धारेचं पातळ

१० फेब्रुवारी, सोमवार

आणि वर मलाच विचारतात, बॅग भरली का. कुणाला विचारून ठरवलं हे? मी काय सरकीचं पोतं आहे, उचललं आणि गाडीत टाकलं? माझी लेक पूर्णिमा सांगलीहून फोन करते, आई, तीन दिवस दांडेलीला जायचं, खोली घेतली, नदीत बोटीतनं जायचं तेही ठरवलं, आता मोडता येत नाही. पोटची पोर, पण बोलते सरकारी साहेबासारखी. मी म्हटलं, म्हशींचं काय? तर म्हणे, "दादा हाय की. स्वप्नाली हाय की."

दादा म्हणजे माझा सम्राट. कारखान्यात लोखंड ओततो, पण चांदीच्या कासेला हात लावायला गेला तर चांदी त्याला लाथेनं गोठ्याबाहेर घालवते. आणि स्वप्नाली, म्हणजे सून, ती राजारामपुरीत एका क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. तिला शेणाचा वास येतो म्हणून ती नाकाला रुमाल लावते, असं तिनं केलेलं मी लग्नाच्या आठवड्यात एकदा पाहिलं आहे. चार वर्षं झाली, मी विसरलेले नाही.

सव्वीस वर्षं मी कट्ट्यावर बसते. सकाळी आणि संध्याकाळी म्हशी कट्ट्याशी आणायच्या, गिऱ्हाईकाच्या समोर ग्लासात धार मारायची, वर फेस आला पाहिजे. तालमीतली माणसं उभ्याउभ्या पितात आणि मिशी पुसत जातात. एक दिवस बंद नाही. सम्राटचे वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर होते. आणि आता म्हणे बोटीत बसा.

ही डायरी पेंडीच्या दुकानदारानं दिली, कुठली म्हैस कधी भरली, कधी व्याली, ते लिहायला. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिते. आता माझंच लिहायला लागले, कारण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. उजवा अंगठा गेला आहे. सकाळी दुमडला की उलगडत नाही, डाव्या हातानं सरळ करावा लागतो, कट्ट असा आवाज येतो. राजारामपुरीतल्या डॉक्टरला दाखवला. तो म्हणाला, धार काढणं थांबवा, नाहीतर हा असाच राहील. फाईल तांदळाच्या डब्याखाली घातली आहे. तिथं स्वप्नालीशिवाय कुणाचा हात जात नाही, आणि ती काय वाचत बसत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माझं धारेचं पातळ हरवलं. हिरवं, जुनं, पदराला ठिगळ असलेलं. धार काढताना मी तेच नेसते. त्याला साबण लावत नाही, नुसतं पाण्यातनं काढते, कारण वास गेला तर चांदी पान्हा सोडत नाही. दोरीवर वाळत होतं, ते नाही. शेजारच्या विठाबाईला विचारलं, तिनं पाहिलं नाही म्हणे. असलं फाटकं कापड चोरणारं माणूस या पेठेत कोण निघालं?

आज दुसरं पातळ नेसून बसले तर चांदीनं दोनदा मान वळवून बघितलं. म्हटलं, मीच हाय बाई, सोड आता. तरी उशीरच लावला.

दुसरी गोष्ट. स्वप्नाली दुपारी ऑफिसातनं लवकर येते आणि गोठ्यात जाते. आज मी मागनं गेले तर फोन हातात घेऊन चांदीच्या अंगाशी उभी. मला बघून फोन खाली केला.

मी म्हटलं, "इथं काय काम?"

"काही न्हाय आत्ती, इथं रेंज चांगली येतीया."

शेणात रेंज येते होय. मी काय कालची पोर नाही. शाहूवाडीचा ज्ञानू गेल्या महिन्यात येऊन सगळ्यांच्या समोर म्हणाला होता, तिन्ही म्हशी एकदम द्या, आमच्याकडं वैरण भरपूर, पोरीगत ठेवतो. मी बघू म्हटलं. तो गेल्यावर हीच पहिली बोलली, "आत्ती, चांदी पण देणार?" एवढी घाई. तिला गोठ्याच्या जागेत गाडी लावायची असणार. आता फोटो काढून ज्ञानूला पाठवत असणार.

तिला माहीत नाही, मी ज्ञानूला बावीस तारखेला शनिवारी उत्तर देते म्हणून आधीच सांगून ठेवलं आहे. अंगठा काय बरा होत नाही. द्यायच्या तर आहेतच. पण माझ्या म्हशी मी देणार, तिच्या घाईनं नाही.

शिवाय ती रोज दंडाला बाम लावून बसते. कॉम्प्युटरवर बोटं आपटून दंड दुखतात, हे नवीनच ऐकलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, दांडेली

आले. जावयानं गाडी बरी चालवली, तो बोलत नाही हे त्याचं चांगलं आहे. निपाणीच्या पुढं चहा घेतला. दूध पाण्यासारखं होतं, मी चहावाल्याला तोंडावर सांगितलं. तो मला कानडीत काहीतरी म्हणाला, मी त्याला मराठीत दोन शब्द जास्त म्हटले.

खोली लाकडाची आहे, मागं झाडीच झाडी. पूर्णिमा म्हणाली, आई, जरा पड. दिवसाउजेडी कोण पडतं? मी पडले आणि तासभर झोपले. ते तिला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी धारेच्या टायमाला हात शिवशिवायला लागले. सम्राटला फोन लावला. "झाल्या धारा, ठेव आता," म्हणाला. पण मागं चरवीत धार पडत होती, मला काय ऐकू येत नाही होय. चर्र-चर्र, चर्र-चर्र, दोन हातांची, एकसारखी. फोन मानेत दाबून काढत असणार. पोराच्या हाताला एवढा जोर कधी आला? आणि चांदी उभी कशी राहिली? मी नाही म्हटल्यावर तिला तरी दुसरं कोण, म्हणून उभी राहिली असेल.

जरा बरं वाटलं. जरा वाईटही वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहिणार, अंगठा दुखला तरी.

सकाळी धरणातनं पाणी सोडतात, मग बोटी निघतात. त्याच्या आधी पाणी नुसतं दगडातनं ओघळत असतं. बोट म्हणजे रबराची, हवा भरलेली, काठावर बसायचं. आमच्या बोटीचा वाटाड्या बसवराज. काळा, काटक, पस्तिशीचा. मराठी बोलतो पण बाई-बुवा सगळ्यांना एकच क्रियापद लावतो. मी पातळ नेसून गेले तर मला बघून कपाळाला हात लावला.

"अक्का, हे चालत नाही. पाण्यात गेलं की पायात गुंडाळतंय."

मी म्हटलं, "ह्याच कापडात पंचगंगेत म्हशी धुतल्यात मी. चार-चार."

"म्हशी बोटीत बसत नव्हतं की अक्का."

सगळे हसले. जावई गेला आणि गाडीतनं त्याची खेळायची पँट घेऊन आला, निळी, बाजूला पांढरे पट्टे. जावयाची पँट. मी म्हटलं, देवा, सम्राटच्या वडिलांनी हे बघितलं नाही ते बरं. पण घातली. आणि खरं सांगायचं तर पाय मोकळे झाले. असं वाटलं की कुणी ओळखणार नाही आपल्याला, कुणाचं काही ऐकायला नको.

मग जाकीट घट्ट बांधलं, डोक्यावर टोप. बसवराजनं शिकवलं. 'फॉरवर्ड' म्हटलं की पुढं वल्हवायचं, 'स्टॉप' म्हटलं की हात थांबवायचा, मधेच कुणी शहाणपणा करायचा नाही. पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढं, दोरी टाकतो ती धरा, हाताला गुंडाळू नका. वल्ह्याच्या वरच्या मुठीवर अंगठा घट्ट पाहिजे म्हणाला. माझा अंगठा बसत नव्हता. मी चार बोटांनी धरलं.

"अक्का, अंगठा."

"दारात सापडलाय," मी म्हटलं.

पूर्णिमा माझ्या मागं बसली होती. ती नदीकडं बघत राहिली. तिला खरंच वाटलं असणार.

निघालो. पहिलं उसळतं पाणी आलं, पांढरं, दुधाला ऊत आल्यासारखं. बसवराज ओरडला, फॉरवर्ड. मी हाणलं. सव्वीस वर्षं धार काढलेले दंड आहेत हे. समोर जावई आणि कुणी दोन पुण्याची पोरं होती, ती आपली पाण्याला कुरवाळत होती. मी म्हटलं, ह्यांच्या भरवशावर कोण राहतं, आणि जोरात ओढलं, म्हणायच्या आधीच ओढलं. तर बोट गरकन फिरली. पुढचं मागं झालं आणि आम्ही ढुंगणानं दगडावर जाऊन बसलो.

बसवराजनं काठीनं ढकलून बोट सोडवली. रागावला नाही. म्हणाला, "अक्का, जोर तुमाला लई हाय. पण एकट्यानं वडलं तर बोट गोल फिरतंय. मागच्याला हात मारायला जागा ठिवा."

"मागची सुस्त हाय, त्याला मी काय करू?"

"सुस्त न्हाई. तुमी थांबतच न्हाई, ती मारणार कवा?"

पूर्णिमा मागनं म्हणाली, "ऐकलंस का आई." आणि एवढी हसली की तिचा टोप डोळ्यावर आला. मला राग आला. पण पुढच्या पाण्याला मी मनात मोजलं, एक मी, एक ती, एक मी, एक ती. बोट सरळ गेली. बसवराजनं मागनं वल्ह्यानं माझ्या टोपावर टकटक केलं, शाबासकी म्हणून. मला कुणी टोपावर मारलेलं आवडत नाही. हे चाललं.

तिसऱ्या ठिकाणी पाणी उंच होतं. पाय बोटीच्या कडेखाली खोचा म्हणून सांगितलेलं, मी एक खोचला आणि एक विसरले. बोट उडाली, मी बाहेर.

पाणी थंड होतं. नाकात, तोंडात, सगळीकडं. पाठीवर व्हायचं हे डोक्यात होतं पण अंग वळेना. आणि मला काय आठवलं तर वडिलांची म्हैस. लहानपणी आम्ही पुराच्या पाण्यात म्हशीचं शेपूट धरून नदी ओलांडायचो. मी खरंच शेपूट शोधत होते, दोन्ही हातांनी. मग दोरी येऊन खांद्यावर पडली. धरली, तर अंगठा मिटेना. सुटायला लागली. मग कोपराच्या खोबणीत घेतली आणि छातीशी दाबली, रेडकाचं दावं दाबतो तशी. आपोआप पाठीवर झाले. पाय पुढं आले. वरती आभाळ आणि झाडं मागं चाललेली. मी ओरडले नाही. खरंतर एक घटकाभर मला वाटलं, आणखी जरा असंच राहू दे.

बसवराजनं जाकिटाला धरून आत ओढलं. मी बोटीत पडले आणि हसत सुटले. पूर्णिमा रडत होती. मी म्हटलं, "रडतीस कशाला, मी मेलीया का?"

तिनं माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा हळूच उलगडला आणि चोळत बसली. दार कुठलं म्हणून विचारलंसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज घरी निघायचं होतं. मी म्हटलं, अजून एकदा. जावई पूर्णिमाकडं बघायला लागला. शेवटच्या टप्प्यात पाणी शांत असतं, तिथं बसवराज उतरू देतो. मी आपणहून उतरले. दोरी धरून पाठीवर वाहत गेले, डोळे मिटून. पुण्याची पोरं म्हणाली, काकू भारी. मी त्यांना म्हटलं, जेवत जा जरा, वल्हं धरायची ताकद न्हाई तुमच्यात, कोल्हापूरला या, धारेचं दूध पाजते. मग आठवलं, शनिवारनंतर कुठलं पाजणार.

निघताना बसवराज म्हणाला, "अक्का, परत या."

मी म्हटलं, "तुझी बोट कुणाला पाहिजे, मला पाणी पाहिजे." त्याला कळलं नाही. मलाही नीट कळलेलं नाही.

जावयाची पँट मी धुऊन दिली. त्यानं घेतली नाही, तुम्हालाच राहू द्या म्हणाला. चांगला आहे पोरगा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे उठून कट्ट्यावर गेले. चांदीनं मला हुंगलं आणि माझ्या मागं बघितलं. कुणाची तरी वाट बघितल्यासारखं. मला ते लागलं.

पहिलं गिऱ्हाईक हंबीरराव. सत्तरीचे आहेत, एके काळी कुस्ती करायचे, अजूनही पहिला ग्लास त्यांचाच असतो. ग्लास हातात घेऊन मला म्हणतात, "काय तानाबाई, तीन दिवस आमच्यावर रागावला हुता काय? हाक मारली तरी मान वर न्हाई."

"मी नव्हतेच की. दांडेलीला गेलते."

"चेष्टा करता व्हय? मग हिरव्या पातळात कोण बसलं हुतं, डोक्यावर पदर घेऊन?"

माझ्या हातातली धार थांबली. चांदीनं पाय हलवला.

"दूध मात्र तुमचंच," ते म्हणाले. "फेस पहिल्या दिवशी जरा कमी हुता. काल बरोबर आला."

म्हशीनं फसावं हे कळतं. पण पैलवानानं पण फसावं?

गिऱ्हाईक सरल्यावर गोठ्यात गेले. वैरणीच्या मागं खुंटीला पातळ होतं, नीट घडी घालून. नाकाला लावलं. शेण, दूध, चांदी, आणि बाम.

तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसले थोडा वेळ. रेंज, फोटो, गाडी लावायची जागा, सगळं एकेक करून डोक्यातनं काढलं. काढायला वेळ लागला. माझं डोकं लवकर सोडत नाही.

संध्याकाळी स्वप्नाली ऑफिसातनं आली. मी पातळ तिच्यापुढं टाकलं आणि म्हटलं, "नेस. आणि बस, माझ्यासमोर."

ती पांढरीफटक पडली. पण नेसली आणि बसली. चांदीच्या पाठीवरनं हात फिरवला, काही तरी पुटपुटली, आणि धरलं. पूर्ण मुठीनं. अंगठा बाहेर, सरळ. आम्ही सगळ्या अंगठा दुमडून काढतो.

मी म्हटलं, "ही कुठली पद्धत? अंगठा का न्हाय दुमडत?"

"दुमडला की सांधा जातोय, आत्ती. जनावरांच्या डॉक्टरनी फोनवर दाखवलंय, त्यांचा व्हिडिओ बघून शिकले मी."

हे बोलताना ती माझ्या हाताकडं बघत नव्हती, चरवीत बघत होती. म्हणजे तिला काही माहीत नाही. फाईल अजून तांदळाच्या डब्याखालीच आहे, मी बघून आले. उलटी ठेवलेली आहे, पण मीच उलटी ठेवली असेल.

चर्र-चर्र, चर्र-चर्र. शुक्रवारचा आवाज. दोन हात, एकसारखे.

"शिकलीस कशाला?"

"चांदी गेली तर पहाटे उठून तुम्ही करणार काय?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि क्लासात दिवसभर लोकांना 'सर बिझी हायत' म्हणून सांगत बसते मी. इथं बसलं की कुणीतरी वाट बघत असतं."

नाकाला रुमाल लावला नाही. कधी लावत होती तेही आता नीट आठवेना. त्या आठवड्यात तिला सर्दी होती, असं सम्राट तेव्हा म्हणाला होता. मी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, "कट्ट्यावर बसशील? पदर डोक्यावरनं काढून, तोंड दाखवून? लोक नाव घेऊन हाक मारतील, तसं?"

तिचा हात थांबला. म्हणाली, "ह्यांना विचारते."

मी उठून आत गेले. राग आला की मी आत जाते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हे पान फाडून सरकीच्या डब्यात ठेवणार आहे. त्यात धार काढणाऱ्याचाच हात जातो. मागची बाजू कोरी सोडली आहे, उत्तराला.

स्वप्नाली,

नवऱ्याला विचारते म्हणालीस. कशाला? धार तो काढणार आहे? चांदीनं त्याला दोन वेळा शेणात बसवलं आहे. तुला विचारलं आहे, त्याला नाही. त्याला मी सांगेन, आणि तो ऐकेल, त्याची काळजी करू नको.

तुझा हात चांगला आहे. सुरुवातीला हळू ओढतेस, नंतर बरोबर लागते. फेस काल माझ्यापेक्षा कमी होता, मी मोजून बघितला. सहा महिन्यांत येईल. शिकवायला मी बसेन, पण मी मधे मधे हात घालणार नाही. दांडेलीला एका माणसानं मला सांगितलं, तुम्ही थांबत नाही तर मागची हात मारणार कधी. त्या वेळी मी त्याला उलट बोलले. तुला नाही बोलणार.

सकाळची धार तुझी, संध्याकाळी दोघींची. ग्लास, पैसे आणि तोंडाळ गिऱ्हाईकं माझ्याकडं. तुला ऑफिस सोडायचं की ठेवायचं ते तू ठरव, पण अर्ध्या मनानं नको, चांदीला अर्धं मन लगेच कळतं. पातळ तुझं तुला. चांदीसाठी नेस, लोकांसाठी नेसायची गरज नाही. कट्ट्यावर पदर डोक्यावरनं काढायचा. हंबीररावांना मी सांगितलं आहे की आता हिरव्या पातळात स्वप्नाली असते, आणि ते म्हणाले, मग तिला मान वर करायला सांगा.

तू नको म्हणालीस तरी मी रागावणार नाही. रागावेन, पण आठवड्यात विसरेन. मग तिन्ही म्हशी ज्ञानूकडं जातील, आणि त्याला मी शनिवारी तसं सांगेन. तो शनिवारी सकाळी गाडी घेऊन येणार आहे. रिकामी परत पाठवायची की भरून, एवढंच तुला विचारते.

शुक्रवारी सकाळच्या धारेच्या आत उत्तर पाहिजे. व्हय किंवा न्हाय. लिहून दे नाहीतर कट्ट्यावर मोठ्यानं सांग, सगळ्यांच्या समोर चालेल. गप्प बसलेलं चालणार नाही.

तानाबाई